कमीत कमी किती

भालेराव सरांच्या डाव्या हाताला बसून काही बोललं की ते वाया जायचं. ऑफिसात नव्याने आलेल्या माणसाला हे कुणी सांगत नसे, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येकालाच वाटायचं की हा माणूस शिष्ट आहे. मलाही वाटलं. पहिल्याच दिवशी त्यांच्या डावीकडच्या खुर्चीत बसून मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "जय भीम सर, मी परभणीची." ते समोरच्या पडद्याकडे बघत राहिले. मी मनातल्या मनात त्यांच्या नावावर काट मारली. परदेशात आलं की आपली माणसंही ओळख दाखवत नाहीत, या विषयावर दुपारपर्यंत माझा अर्धा लेख तयार होता.

जेवण झाल्यावर ते स्वतःच खुर्ची ओढून आले, उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाले, "सकाळी काही बोललीस का गं? डावा कान सरकारजमा आहे. परत बोल."

मी परत बोलले. त्यांनी "जय भीम" म्हटलं, परभणीत कोणता मोहल्ला ते विचारलं, आणि माझे वडील पत्रकं छापून वाटायचे हे कळल्यावर त्याच दिवशी मला नाव देऊन टाकलं. "पत्रकबाई." पुढे दोन वर्षं त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

ही २०१५च्या आसपासची गोष्ट. इंडोनेशियातल्या जंगलांच्या आगीचा धूर सिंगापुरात यायचा, लोक मास्क लावून बसस्टॉपवर उभे असायचे, त्या दिवसांतली. आमचं ऑफिस बुकित बातोकच्या कारखान्यांच्या इमारतीत होतं. खाली टायरचं गोदाम, त्याच्यावर केक बनवणारे, त्यांच्यावर आम्ही. आम्ही बनवायचो ते सॉफ्टवेअर ज्या लोकांसाठी होतं, तसा एकही माणूस सिंगापुरात सापडला नसता. अमेरिकेत, न्यूझीलंडमध्ये, युरोपातल्या थंड देशांत शिकारीचा आणि नेमबाजीचा शौक असलेली माणसं आपली काडतुसं स्वतः घरी भरतात. पितळेची रिकामी नळी, तिच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. कोणत्या गोळीमागे कोणती दारू घालायची, हे आमचं सॉफ्टवेअर सांगायचं. ज्या शहरात खिशात एक जिवंत काडतूस सापडलं तर आयुष्य तुरुंगात जाईल, त्या शहरात बसून आम्ही काही मराठी, तमिळ आणि चिनी मुलं रोज हजारो काडतुसं कागदावर भरत होतो. आमच्यापैकी कुणी बंदुकीचा बार जवळून ऐकलेला नव्हता. मी तर फक्त सूचना लिहिणारी. दारू हातात घेतलेला एकच माणूस त्या मजल्यावर होता, तो म्हणजे भालेराव सर. सरकारी दारूगोळा कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि एक कान तिथेच राहिला होता.

त्यांना अर्धवट भरलेलं भांडं चालत नसे. हे मी त्यांच्या घरी पाहिलं. चोआ चू कांगच्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर मोठ्यापासून लहानापर्यंत डब्यांची रांग होती. तूरडाळ खाली गेली की ते ती लहान डब्यात भरायचे, अजून खाली गेली की आणखी लहान. त्यांच्या पत्नी शोभाकाकू मला म्हणाल्या, "आमच्याकडे डाळ संपत नाही बाई, नुसती घरं बदलते."

"हसा," सर म्हणाले. "अर्ध्या डब्यात डाळ कुठे बसणार ते डाळ ठरवते. भरलेल्या डब्यात आपण ठरवतो."

तेव्हा ते मला एका म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं.

त्या वर्षी कंपनीने एक नवा भाग करायला घेतला. सायलेन्सर लावलेल्या बंदुकीसाठी काडतूस कसं भरावं, हा विषय. तो सरांच्या मनातला विषय होता. त्यासाठीच ते निवृत्तीआधी नोकरी सोडून बायकोमुलीसह इकडे आले होते. खालच्या कँटीनमध्ये कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना त्यांनी मला तो समजावून सांगितला.

"सगळ्यांना वाटतं सायलेन्सर लावला की झालं. तो फक्त नळीच्या तोंडाशी होणारा धमाका गिळतो. पण गोळी आवाजापेक्षा वेगाने चालली तर हवेत आपली आपण कडाडते. तो आवाज तिच्या पाठीवर बसून जातो. तो कोण गिळणार?"

"मग?"

"मग गोळी हळू पाठवायची. हळू पाठवायची तर जड घ्यायची, नाहीतर तिच्यात दम राहत नाही. आणि दारू अशी हवी की थोडीशी असली तरी पूर्ण जळली पाहिजे. न जळलेली दारू सायलेन्सरमध्ये काजळी करते. म्हणजे बघ, गोळी, दारू, नळी, हवामान, सगळं जुळायला हवं." मग स्वतःवरच खूश होऊन म्हणाले, "आपण पत्रिका बघणारी माणसं नव्हे. पण इथे बघावी लागते. इथे छत्तीस गुण लागतात."

मला हसू आलं, पण राहवलं नाही. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. प्रश्न पोटात ठेवायची सवय आम्हाला नाही. मी विचारलं, "सर, गोळीचा आवाज कुणाला ऐकू येऊ नये म्हणून हे सगळं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मारणाऱ्याला," ते म्हणाले. "आमच्या वेळी चाचणीच्या मैदानावर कानात कापूस घालून उभे राहायचो. आमच्या बॅचची माणसं आता घरात ओरडून बोलतात. शेजाऱ्यांना वाटतं रोज भांडणं चालू आहेत. आमची मिताली लहान असताना माझ्या डाव्या खांद्यावर डोकं ठेवून काय काय बोलायची. मी नुसता 'हो, हो' म्हणायचो. काय बोलली कुणास ठाऊक. कुणीतरी माणूस हरिण मारून घरी जावा आणि त्याला पोरीचं बोलणं ऐकू यावं, एवढंच."

"आणि ज्याला गोळी लागते त्याचं काय? आवाज आला तर चार माणसं घराबाहेर येतात सर. बघतात कुणी मारलं, कुणाला मारलं. आवाज हाच गरिबाचा साक्षीदार. तो साक्षीदार गप्प करायला तुम्ही मदत करताय."

मी हे फार जोरात बोलले असणार, कारण शेजारच्या टेबलावरच्या बायका नूडल्स खायच्या थांबल्या. सर उरलेली कोपी संपवून उठले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये, मला उजवीकडे उभं करून, ते म्हणाले, "पत्रकबाई, तुझा मुद्दा रात्रभर चावला. पण ज्याच्या हातात बंदूक फुटेल, त्याची काळजी मला घेता येते. तेवढी मी घेणार."

तेव्हा मला हे उत्तर पळवाटेसारखं वाटलं होतं.

नव्या भागात सरांनी एक अडसर घातला होता. दारू अमुक प्रमाणापेक्षा कमी घ्यायला गेलं की पडदा अडायचा आणि लिहून यायचं: याहून कमी भरू नका, दुसरी दारू निवडा. आमच्याकडे तपासणी करणारा रोहन नावाचा पुण्याचा मुलगा होता, हुशार आणि कामसू. त्याने ही चूक म्हणून नोंदवली. जास्त दारू भरण्यावर बंदी समजते, पण कमी भरण्यावर बंदी कशाला? कमी म्हणजे अधिक सुरक्षितच. आमच्यातल्या कुणालाही यात वावगं दिसलं नाही. कर्ज, साखर, गाडीचा वेग, औषध; आमच्या डोक्यात धोका नेहमी वरच्या टोकाला बसलेला. शून्याकडे जाणारी वाट आम्हाला घराची वाट वाटते. अडसर निघाला आणि चाचणीची आवृत्ती बाहेर जायला तयार झाली.

सरांना ते कळलं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं. ते ओरडले नाहीत. पिशवी घेऊन बसने लिटल इंडियाला गेले आणि दोन-अडीच तासांनी मोहरीचं पाकीट घेऊन परत आले. मीटिंग रूममध्ये आम्हा सगळ्यांना बसवलं. आमचा मॅनेजर सुहास, तोही पुण्याचाच, दारात उभा राहिला. सरांनी होमिओपॅथीच्या गोळ्यांची काचेची कुपी घेतली, तळाशी थोडी मोहरी घातली आणि बूच लावलं.

"ही नळी. ही दारू. बुडाला ठिणगी." त्यांनी कुपी उभी धरली. "आता दारू ठिणगीपाशी." उलटी केली. "आता लांब." आडवी धरली. मोहरी एका बाजूने पातळ पसरली. "आता ना धड इकडे, ना तिकडे. दाणे तेच, तेवढेच. रोहन, सांग, तुझ्या सॉफ्टवेअरने यातला कोणता आकडा दिला?"

रोहन म्हणाला, "सर, सरासरी."

"सरासरीने कुणाची बोटं जात नाहीत रे बाबा. एखाद्या बाराने जातात."

सर पुढे म्हणाले, "थोडी दारू मोठ्या जागेत कशी जळेल याचा भरवसा नाही. कधी फुसकी. मग काय होतं? गोळी नळीतच अडकते. साध्या बंदुकीत बार फुसका निघाला की माणूस दचकतो, थांबतो. इथे सायलेन्सर आहे. आवाज तसाही यायचाच नव्हता. त्याला कळतच नाही की गोळी बाहेर पडलेली नाही. तो दुसरी झाडतो. पुढे पहिली बसलेली आहे." माझ्याकडे वळून म्हणाले, "हा तुझाच साक्षीदार, पत्रकबाई. तो गप्प झाला की पहिला मरतो तो मारणारा."

रोहनने त्याच दुपारी स्वतःहून अडसर परत घातला. तो मुलगा वाईट नव्हता.

पण सुहासने तो पुन्हा काढायला सांगितला. सुहासही वाईट नव्हता, हे मला इथे लिहायला जड जातं. पत्रकात असा माणूस बसत नाही. परदेशातला जो विक्रेता आमचा माल घेणार होता, त्याच्या गिऱ्हाइकांना जास्तीत जास्त शांत काडतूस हवं होतं. अडसर असला की तो आमच्याकडून घेणार नाही आणि त्या सौद्यावर निम्म्या ऑफिसचे पगार अवलंबून होते.

"सर, आपण लाल अक्षरात वॉर्निंग टाकू," सुहास मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला. "युजरने 'मान्य आहे' दाबलं की जबाबदारी त्याची."

"सुहास, तू ते कधी वाचून दाबलंयस?"

"नाही."

"मग?"

"मग काय सर, जगात सगळीकडे असंच चालतं. आपण अडवलं तर ते दुसऱ्याकडे जातील."

"जाऊ देत ना. माझं नाव घेऊन जाऊ नयेत."

कारण नाव त्यांचंच होतं. सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्या पडद्यावर सरांचा टाय लावलेला फोटो यायचा आणि खाली लिहिलेलं असायचं की प्रत्येक निवड या अनुभवी तज्ज्ञाने तपासलेली आहे. विक्रेत्याला ते नाव हवं होतं, आणि अडसर नको होता.

सुहास खुर्चीत पुढे सरकला. "सर, तुमचा पास रिन्यूला आलाय. मितालीची यंदा ओ लेव्हल. मी धमकी देत नाहीये हं."

"तू नाही देत," सर म्हणाले. "पासच देतो."

ओ लेव्हल ही इथली दहावी, आणि इथे नोकरीचा पास गेला की घर, शाळा, बँक, सगळं महिनाभरात आवरायचं असतं. आम्ही सगळेच त्या पासावर उभे. म्हणून त्या खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

ते एकदम ठाम राहिले असं मी लिहिलं तर खोटं होईल. ते हलले. एका सकाळी माझ्या टेबलाशी आले. चेहरा झोप न झाल्यासारखा. "तू लिही," म्हणाले. "वॉर्निंग तू लिही. अशी लिही की माणसाचा हात थांबला पाहिजे. तुमच्या घराण्याचं काम आहे ते."

मी जीव ओतून लिहिलं. छोटी वाक्यं, थेट माणसाला उद्देशून. तुझी बोटं. तुझा डोळा. शेजारी उभं असलेलं तुझं मूल. सरांनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "छान. भीती वाटली." मग तो पडदा बनवून त्यांनी रोहनला बोलावलं आणि काही न सांगता त्याच्यासमोर ठेवला. रोहनचा हात माऊसवर गेला, 'मान्य आहे' दाबलं गेलं, पुढचा पडदा आला. तेव्हा कुठे तो म्हणाला, "हां सर, काय बघायचंय यात?"

सर माझ्याकडे बघून हसले. कडवट हसले. "तुझा दोष नाही गं," म्हणाले आणि तो पडदा पुसून टाकला. माझ्या बापाच्या छापखान्याचा तो पराभव मी अजून विसरलेले नाही.

त्या शनिवारी मी त्यांच्या घरी जेवायला होते. काकूंनी भाकरी केली होती, मिताली पंधरा-सोळा वर्षांची, कानात हेडफोन अडकवून बसलेली. तिला सगळं माहीत होतं. ती ताटावरून मान न उचलता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, जस्ट पुट द वॉर्निंग लाह. एव्हरीबडी डज."

"बेटा, वॉर्निंग कुणी वाचत नाही."

"देन दॅट्स देअर प्रॉब्लेम, व्हॉट. व्हाय मस्ट इट बी माय ओ लेव्हल?"

काकू म्हणाल्या, "मी यात काही बोलणार नाही." भाकरी मात्र एकापाठोपाठ एक इतक्या थापत राहिल्या की शेवटी मी उठून त्यांचा हात धरला.

सोमवारी सरांनी सुहासला सांगितलं की अडसर राहणार असेल तर नाव राहील, नाहीतर नाव काढा. सुहासने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "सर, तुम्ही बरोबर आहात. मला जमणार नाही." नाव निघालं. नावाबरोबर माणूसही. नाव नाही म्हटल्यावर सौदा फिसकटला आणि तो शांत काडतुसांचा अख्खा भागच कंपनीने बाजूला ठेवला.

पुढचं आताच सांगून टाकते. वर्षभराने तो भाग बाहेर आला. पडद्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी तज्ज्ञाचा फोटो होता. अडसर नव्हता, वॉर्निंग होती, लाल अक्षरात. मी तोवर नोकरी सोडली होती. त्यामुळे कुणाची बोटं गेली की नाही, ते मला माहीत नाही. भालेराव सरांना त्याबद्दल मी कळवलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. त्यांनी मला निघण्याआधी एकच गोष्ट विचारली होती, तीही टेबल आवरताना, चष्म्याचं घर शोधता शोधता. "तो भाग बंद पडला. तुला हवं होतं तेच झालं. बरं वाटतंय का गं?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. या विषयावर मी इतकी भाषणं केली होती. पण त्या माणसाला हवं होतं ते मोडलं होतं, आणि ते माझ्या मुद्द्याने मोडलेलं नव्हतं. "माहीत नाही सर," एवढंच म्हटलं.

काकू आधी गेल्या. मितालीला शाळेने परीक्षा होईपर्यंत राहू दिलं आणि सेम्बावांगला काकूंच्या मैत्रिणीने तिला आपल्या घरात एक पलंग दिला. सरांच्या निघण्याच्या दिवशी तिचं सामान तिकडे पोचवायचं होतं, म्हणून मी बरोबर गेले. एका टॅक्सीत दोन मोठ्या बॅगा, उशी, टेबलफॅन आणि पुस्तकांची खोकी. टॅक्सी तशीच पुढे विमानतळावर जाणार होती. रस्ताभर मिताली पुढच्या सीटवर बसून फोनमध्ये बघत होती.

सामान वर नेऊन ठेवलं. मितालीने लिफ्टपाशी "बाय" म्हटलं आणि दार बंद होऊ दिलं. आम्ही खाली आलो. मी म्हणाले, "सर, तिला समजेल एक दिवस."

"असं म्हणू नकोस," ते म्हणाले. "तिने समजून घ्यावं म्हणून केलेलं नाही. नाही समजलं तरी ते तसंच राहणार आहे."

टॅक्सीचं दार उघडलं, तेवढ्यात लिफ्ट परत खाली आली. मिताली अनवाणीच बाहेर आली. डोळे लाल होते. तिच्या हातात रसायनशास्त्राचं सरावाचं पुस्तक होतं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत बुद्धिबळाचे पट आखलेली दगडी टेबलं असतात, त्यातल्या एकावर तिने ते आपटलं.

"धिस वन," ती म्हणाली. बापाकडे बघत नव्हती. "जस्ट टेल मी द आन्सर."

सर तिच्याजवळ गेले, चष्मा वर केला, वाचलं. "आन्सर नाही सांगणार. रीत सांगतो."

"पप्पा, यू ऑलवेज लाइक दॅट!"

"बस."

ती बसली. तेही बसले, पटाच्या पलीकडच्या दगडी स्टुलावर, पासपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन. टॅक्सीवाल्या अंकलनी काच खाली करून, इथल्या पद्धतीने मला पोरी म्हणत विचारलं, "आह गर्ल, ही गोइंग ऑर नॉट?" मी हात जोडले. त्यांनी मान हलवली आणि इंजिन बंद केलं. मी थांबले तिथून सरांची पाठ दिसत होती आणि मितालीची पेन्सिल. ती काहीतरी भराभर लिहीत गेली, सरांनी अंगठ्याने ती ओळ झाकली, आणि ती त्यांचा हात झिडकारणार होती ती थांबली.

"पुन्हा लिही," ते म्हणाले. "घाई नाही."